बाउले मूर्ती घरात ठेवावी का, आणि तिला तेल लावावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे दीर कच्च्या काजूच्या खरेदीसाठी आयव्हरी कोस्टला जाऊन-येऊन असतात. बुआके शहरातून त्यांनी हातभर उंचीची एका बाईची लाकडी मूर्ती आणली. विकणाऱ्याने ‘ही बाउले लोकांची पूर्वजमूर्ती’ असं सांगितलं. तेव्हापासून सासूबाईंना ती वेंगुर्ल्याच्या घरात नको झाली आहे, कारण कुणा परक्याचा पितर आपल्या माजघरात कशाला? तुम्हाला मूर्ती आवडली आहे. लाकूड कोरडं पडलंय म्हणून खोबरेल लावावं का आणि अशी मूर्ती ‘जागृत’ असते का, हे तुम्हाला हवंय.

तेलाचं आधी सांगते, कारण तिथे घाई झाली तर परत फिरता येत नाही. लावू नका. कारण शेवटी येईलच. सासूबाईंनाही लगेच सांगायला हरकत नाही, की ही पितराची मूर्ती नाही. बाउले लोक पूर्वजांच्या मूर्ती घडवत नाहीत. त्यांच्यात पूर्वजांचा मान असतो तो बसण्याच्या आसनाला. घराण्यातल्या मोठ्या माणसाचं लाकडी आसन त्याच्यामागे जपून ठेवतात आणि नैवेद्य, बळी त्या आसनाला दाखवतात. ‘पूर्वजमूर्ती’ ही चिठ्ठी युरोपातल्या संग्राहकांनी शंभरेक वर्षांपूर्वी सरसकट सगळ्या आफ्रिकी मूर्तींना लावली. ती अजून दुकानात, लिलावात आणि दुर्दैवाने काही संग्रहालयांतही टिकून आहे. लाकडी वस्तूंचं जतन हाच माझा व्यवसाय असल्याने पश्चिम आफ्रिकेच्या मूर्ती सतत हाताखालून जातात, आणि कागदपत्रांत सर्वांत जास्त गोंधळ मला बाउले मूर्तींच्याच बाबतीत दिसतो.

बाउले हे आयव्हरी कोस्टच्या मध्यभागातले, अकान भाषाकुळातले लोक. आजच्या घानातल्या अशांती राज्यातून अठराव्या शतकात राणी अब्ला पोकूच्या मागोमाग ते पश्चिमेला आले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोमोए नदी ओलांडायला राणीने स्वतःचा मुलगा नदीला दिला, ही कथा तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. आले तेव्हा तो प्रदेश रिकामा नव्हता. गुरो, सेनुफो अशा आधीच्या रहिवाशांत ते मिसळले. सोन्याचं काम, पितळी वजनं, आसनाचा मान हे अशांतीकडून आलं, तर मुखवटे बऱ्याच अंशी शेजाऱ्यांकडून. गोली नावाचा त्यांचा आजचा सर्वांत लोकप्रिय मुखवट्यांचा नाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वान लोकांकडून घेतलेला आहे. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स उफुए-ब्वाञी बाउलेच होते. त्यांचं गाव यामुसुक्रो, आता राजधानी.

आता मूर्तींकडे. उभी किंवा आसनावर बसलेली, पोटावर हात ठेवलेली, गुडघे किंचित वाकलेली, लांब मानेची बाउले मूर्ती दोनपैकी एका कारणासाठी घडवलेली असते. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात. कोरीव कामावरून भल्याभल्यांना ओळखता येत नाही, ओळख पटते ती पृष्ठभागावरून.

पहिला प्रकार परलोकातल्या जोडीदाराचा. बाउले समजुतीप्रमाणे माणूस जन्माला येतो तो ब्लोलो नावाच्या दुसऱ्या जगातून, आणि मेल्यावर तिथेच परततो. येताना प्रत्येक जण तिथला आपला नवरा किंवा बायको मागे सोडून येतो. पुरुषाच्या त्या बायकोला ‘ब्लोलो ब्ला’ म्हणतात, बाईच्या त्या नवऱ्याला ‘ब्लोलो बियाँ’. हा जोडीदार प्रत्येकाला असतो, मूर्ती मात्र प्रत्येकाकडे नसते. बहुतेकांचं आयुष्य त्याच्याशी काही देणंघेणं न पडता जातं. काही अडलं तरच प्रश्न येतो. लग्न जमत नाही, जमलं तर टिकत नाही, मूल होत नाही, पैसा हातात राहत नाही, किंवा कुणी अनोळखी स्त्री वा पुरुष वारंवार स्वप्नात येतो. मग माणूस जाणत्याकडे जातो. जाणता सांगतो, तुझी तिकडची बायको रागावली आहे, तिला वाटतंय तू तिला विसरलास. उपाय म्हणून तिची मूर्ती घडवून घ्यायची, झोपायच्या खोलीत तिला जागा द्यायची, आणि आठवड्यातली एक रात्र तिच्यासाठी राखून ठेवायची.

ही रात्र खरोखरची असते. त्या रात्री माणूस एकटा झोपतो आणि इकडच्या जोडीदाराने दुसरीकडे झोपायचं असतं. तिकडची बायको किंवा नवरा स्वप्नात येतो, बोलतो, सल्ला देतो. मूर्तीपुढे कुटलेला याम (आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद), अंडं, कधी नाणी ठेवतात. तिला पुसतात, तेल चोळतात, कापड गुंडाळतात, गळ्यात किंवा कमरेला मणी बांधतात. इकडच्या नवऱ्याला हे सगळं चालवून घ्यावं लागतं, कारण त्याचीही तिकडे कुणीतरी आहेच! मत्सर दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला आहे. अमेरिकी अभ्यासक सुझन व्होगल यांनी बाउले गावांत अनेक वर्षं राहून जे काम केलं, त्यात या नात्याचे तपशील आहेत. ते वाचताना मला सर्वांत लक्षणीय वाटलं ते हे, की कुठेही भीतीचा सूर नाही. चिडलेल्या बायकोची समजूत काढण्यात जेवढी काळजी असते, तेवढीच.

दुसरा प्रकार रानातल्या शक्तींचा. यांना ‘आसिए उसु’ म्हणतात. झाडाझुडपांत, ओढ्यांत, खडकांत, शेताच्या कडेला त्यांचा वावर. त्या विद्रूप आणि लहरी असतात, माणसाच्या रीतीभाती त्यांना ठाऊक नसतात. अशी एखादी शक्ती एखाद्याच्या मागे लागली की तो आजारी पडतो, सैरभैर होतो. काहींच्या बाबतीत यातून वेगळीच वाट निघते. ती शक्ती त्या माणसाच्या अंगात येऊ लागते आणि तो किंवा ती कोमियेन होते, म्हणजे अंगात येऊन लोकांच्या अडचणींचं मूळ सांगणारी व्यक्ती. कोमियेन बाईही असते, पुरुषही. चेहऱ्याला आणि अंगाला पांढरी माती, ढोलाचा ताल, आणि हातात लोखंडी घंटेवर आपटायची कोरीव लाकडी टिपरी. त्या टणत्काराने अंगात यायला मदत होते. शक्तीला बसायला म्हणून कोमियेनजवळ एक किंवा दोन मूर्ती असतात. त्यांना कोंबडीचं रक्त, अंडं, इतर अन्न वाहतात. वर्षानुवर्षांचे थर वाळून त्यांच्यावर खरबरीत, भेगाळलेलं कवच चढतं. चेहरा बहुधा यातून वगळलेला असतो, आणि डोळ्यांभोवती पांढऱ्या मातीच्या खुणा सापडतात.

जाणते सगळे अंगात आणूनच सांगतात असं नाही. उंदराचा कौलही असतो. मातीचं किंवा लाकडी उभट भांडं, आत मधोमध भोक असलेला पडदा, खालच्या कप्प्यात उंदीर. वरच्या कप्प्यात कासवाच्या छोट्या कवचीला बांधलेल्या काड्या किंवा हाडं ओळीत मांडून वर थोडा कोंडा भुरभुरतात. झाकण लावतात, उंदीर वर येऊन कोंडा खातो, काड्या विस्कटतात. त्या विस्कटण्यातून उत्तर वाचायचं. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात असं एक भांडं आहे, त्याला टेकून बसलेला लाकडी माणूस पाहाच कधी. मूर्ती करा हा आदेश अनेकदा अशाच कौलातून आलेला असतो.

इथे एक गोष्ट चटकन खटकते. रानातली शक्ती विद्रूप असेल, तर तिची मूर्ती इतकी देखणी का? उत्तर साधं आहे. मूर्ती त्या शक्तीचं चित्र नसते. तिला आवडावी, तिथे येऊन बसावंसं वाटावं, आणि तिने त्या माणसाचं शरीर सोडावं म्हणून ती घडवलेली असते. रानातल्याला गावात आणायचं, तर आसन गावातल्या उत्तम माणसासारखं हवं. म्हणून मूर्तीवर गावपणाच्या सगळ्या खुणा आढळतात. विंचरून, वेण्या घालून बांधलेले केस, मानेवर आणि पोटावर उठावाच्या व्रणांची नक्षी (बाउले स्त्री-पुरुष पूर्वी अंगावर अशी नक्षी करून घेत), पुरुषाला वेणी घातलेली दाढी, ताठ पाठ. सौंदर्याच्या त्यांच्या कल्पना नेमक्या आहेत: मान लांब, पोटऱ्या भरदार आणि गोल, कातडी नितळ, नजर खाली. बाउले गावकऱ्यांना वेगवेगळ्या मूर्ती दाखवून मतं विचारली गेली आहेत, तेव्हा अतिरेक त्यांना नापसंत असल्याचं दिसलं. मान लांब हवी, पण जिराफासारखी नको.

तुमच्या मूर्तीच्या पोटऱ्या पाहा. पायाच्या मानाने त्या फुगीर वाटत असतील तर तो कारागिराचा बेंगरूळपणा समजू नका. कसदार, राबणाऱ्या शरीराची ती खूण आहे.

घडवणारा कारागीर पुरुषच असतो. तो मुळात शेतकरी, कोरीव काम जोडधंदा. शेजारच्या सेनुफोंमध्ये कोरीव काम करणारे कुले हे वेगळे, वंशपरंपरेने तेच काम करणारे लोक आहेत. बाउलेंमध्ये असं काही बंधन नाही. ज्याच्या हातात कला आहे तो करतो, आणि म्हणून दोन गावांमधल्या कामात, कधी एकाच गावातल्या दोन हातांमध्ये, इतका फरक दिसतो. जर्मन अभ्यासक हान्स हिमेलहेबर 1933 मध्ये बाउले आणि गुरो प्रदेशात गेले, ते कारागिरांनाच प्रश्न विचारायला. त्या काळी आफ्रिकी कारागीराचं नाव विचारायची कुणाला गरजच वाटत नसे.

मूर्ती एका अखंड ओंडक्यातून निघते, खालच्या बैठकीसह. जोडकाम नाही. वाकसाने आधी डोकं, धड, पाय असे ढोबळ टप्पे पाडतात, मग लहान वाकस, मग सुरी. केसांच्या बारीक समांतर रेषा सर्वांत शेवटी, सुरीच्या टोकाने. पॉलिशपेपर येण्यापूर्वी घासायला तिकडच्या एका उंबरवर्गीय झाडाची खरबरीत पानं वापरत. लाकूड मुळात फिकट असतं, काळेपणा नंतर दिलेला. मूर्तीची ठेवण, पुरुष की बाई, उभी की बसलेली, हे ग्राहकाच्या किंवा जाणत्याच्या स्वप्नातून ठरतं. म्हणजे घासाघीस करणारं गिऱ्हाईक तिथेही आहे, फक्त ते या जगातलं नाही.

आता घरातल्या जागेविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. बाउलेंमध्ये ही मूर्ती दिवाणखान्याची वस्तू नव्हेच. ती झोपायच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, बऱ्याचदा कापडाखाली असते. शेजाऱ्यालाही ती दिसली नसण्याची शक्यता मोठी. व्होगल यांचं एक निरीक्षण मला कामात सतत आठवतं: बाउले लोकांना ज्या वस्तू सर्वांत महत्त्वाच्या, त्याच सर्वांत कमी पाहिल्या जातात. त्याउलट कोरीव दारं, मागावरच्या नक्षीदार लाकडी कप्प्या, टिपऱ्या, नाचाचे मुखवटे सर्वांसमोर मिरवतात, आणि त्यांचं कौतुक मोकळेपणाने करतात. दाराच्या फळीवर मासा तोंडात धरलेली सुसर दिसली तर घरात कुणी सुसरीची पूजा करतं असं समजायचं कारण नाही. दार शोभेसाठीच असतं. आणि दुसऱ्या टोकाला पुरुषांचे काही मुखवटे असे आहेत, की ते गावाबाहेर ठेवतात आणि स्त्रियांनी ते पाहणंही निषिद्ध. त्यामुळे काचेच्या पेटीत, वरून दिवा सोडून, चारी बाजूंनी फिरून बघायची बाउले मूर्ती ही गोष्ट मला अजूनही थोडी अवघड वाटते, जरी माझं पोट त्यावरच चालत असलं तरी.

हे सगळं जुन्या काळातलं आणि संपलेलं आहे, असंही समजू नका. बाउलेंमध्ये आज ख्रिस्ती पुष्कळ आहेत, मुसलमानही आहेत, शहरात नोकऱ्या करणारे आहेत. विसाव्या शतकात तिकडचा जोडीदारही बदलला. सूट घातलेला, मनगटावर घड्याळ असलेला, चकचकीत ऑइलपेंटने रंगवलेला ब्लोलो बियाँ दिसू लागला. बाहेरच्यांनी त्याला ‘गोऱ्या साहेबाची मूर्ती’ म्हणून विकलं. प्रत्यक्षात तो साहेब नव्हताच. बाईला तिकडचा नवरा कर्तबगार, चार पैसे बाळगून असलेला हवा, आणि कर्तबगार माणूस त्या काळी सूट घालत होता. मला या रंगीत मूर्ती जुन्या काळ्या मूर्तींइतक्याच खऱ्या वाटतात. बाजार त्यांना कमी लेखतो, तो बाजाराचा प्रश्न.

तुमची मूर्ती ‘जागृत’ आहे का? प्राणप्रतिष्ठा आपल्याला माहीत असते, म्हणून आपण लगेच विचारतो की हिच्यात प्राण आहे का आणि असेल तर तो कुणी काढला का. बाउले रचना वेगळी आहे. जोडीदार किंवा रानातली शक्ती मूर्तीच्या आधीपासून असते आणि नंतरही राहते. मूर्ती ही तिला भेटायची, बसवायची जागा. वाळवीने खाल्ली तर दुसरी घडवतात, नातं तेच राहतं. आणि तिकडच्या जोडीदाराचं नातं एका माणसापुरतं असतं. तो माणूस गेला की त्या मूर्तीशी बोलायला कुणी उरत नाही. मग ती कुठेतरी पडून राहते किंवा विकली जाते. बाजारात आलेली मूर्ती बाउले नजरेतूनही आता कुणाची तरी बसायची रिकामी जागा आहे. सासूबाईंना एवढं सांगा. तरीही देव्हाऱ्याजवळ नको असं त्या म्हणाल्या, तर ऐका. बाउलेंनीही ती देवांच्या रांगेत ठेवली नसती.

हे अर्थात मूर्ती कधीकाळी वापरात होती असं धरून. बुआके, अबिदजान, ग्राँ-बासाम इथल्या बाजारात जे मिळतं त्यातलं बहुतेक विक्रीसाठीच घडवलेलं असतं. त्यात फसवणूक असतेच असं नाही, चांगले कारागीर परदेशी गिऱ्हाइकासाठीही चांगलंच काम करतात. फसवणूक होते ती ‘जुनी’ म्हणून विकताना. काय पाहायचं ते सांगते. मूर्ती नाकाशी न्या. बुटाच्या पॉलिशचा किंवा धुराचा वास येत असेल तर वय तिथेच कळलं. भिंग घेऊन काखेत, हनुवटीखाली, मांड्यांच्या मध्ये पाहा. हात जिथे पोचत नाही तिथेही तीच एकसारखी काळी चकाकी असेल, तर ती ब्रशने आलेली आहे. खऱ्या वापरातल्या जोडीदार-मूर्तीला झीज असते ती हात फिरतो तिथे: खांदे, पोट, डोक्याचा वरचा भाग. व्रणांची नक्षी तिथे इतकी बोथट होते की बोटाला लागते, डोळ्याला नाही. मणी बांधलेले असतील तर कमरेभोवती एक फिकट पट्टा राहतो. आणि बैठकीची खालची बाजू महत्त्वाची. मातीच्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभ्या मूर्तीची बैठक खालून ओल आणि वाळवीने खाल्लेली, करवतीचा सपाट काप मावळलेला असतो. बनावट मूर्तीत वाळवीची भोकं सोयीस्कर जागी असतात, चेहऱ्याला कधीच नाही. कवचही असंच. खरं कवच थराथराचं असतं, जाड-पातळ, फोडलं तर आत वेगळा रंग. माती, डिंक आणि भुसा कालवून थापलेलं कवच सगळीकडे एकजात असतं. दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून पुरुष आणि बाई एकत्र दाखवले असतील तर अधिक सावध राहा, कारण जोडीदार-मूर्ती मुळात एकटीच असते. जोडी असायची ती कोमियेनकडे, आणि तिथे कवच असायला हवं.

आता तेल. मूर्ती जुनी असेल तर तिच्यावरचा प्रत्येक डाग हा पुरावा आहे: पामतेल, पांढरी माती, हाताचा मळ. खोबरेल त्यात शिरलं की ते वेगळं काढता येत नाही. नवी असेल तरी कोकणात खोबरेल लावलेलं लाकूड पावसाळ्यात चिकट होतं, धूळ धरतं आणि बुरशीला आमंत्रण देतं. लाकूड कोरडं दिसणं हा आजार नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, लिंबू-चिंच काही नको. मऊ, कोरडा, रुंद ब्रश पुरे. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथून येते. एसीच्या थेट झोतात ठेवली तर उभी चीर जाईल, अखंड ओंडक्याला ते सहन होत नाही. असलेली चीर लांबीने किंवा फेविकॉलने बुजवायलाही जाऊ नका, लाकडाला हलायला ती जागा लागते.

बारीक पिवळसर भुसा खाली पडताना दिसला तर आत किडा जिवंत आहे. औषधाची फवारणी नको. मूर्ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, शक्य तितकी हवा काढून, चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण एक दिवस खोलीत तशीच राहू द्या, नाहीतर बाहेरच्या हवेतली ओल लाकडावर पाणी होऊन बसेल. अंगावर जाड कवच किंवा ऑइलपेंट असेल तर मात्र हा उपाय घरी करू नका, तडे जातात. दिवाळीपर्यंत थांबलात तरी चालेल, पण तोवर ती घरातल्या बाकी लाकडी सामानापासून लांब, बंद पिशवीत असू द्या.

फोटो पाठवणार असाल तर समोरून काढलेला नको, तो दिरांनी आधीच पाठवला आहे. बैठकीची खालची बाजू, डावी काख आणि मानेची मागची बाजू, तिरप्या उन्हात, फ्लॅश न लावता.